हेडफोन कुठला, एम४०एक्स घेऊ की एम५०एक्स?

अरे, दोन्ही काळे, दोन्ही घडी होणारे, केबलही दोन्हींची काढता येते; त्यामुळे नुसतं बघून ठरवू नकोस. ऑडिओ-टेक्निकाच्या एम४०एक्समध्ये ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, ४० मिलिमीटरचा, एम५०एक्समध्ये ४५चा. ५०चा बास, म्हणजे खालचे सूर, भरदार, वरचे सूर चमकदार. ४० त्यामानाने सपाट, म्हणजे कुठलाच सूर फार पुढे काढत नाही. तू नाट्यगीतं, अभंग ऐकतोस ना? मग ४०च घे, गाणाऱ्याचा आवाज दबत नाही.

दुकानात ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेव, नाहीतर मोठा वाजणारा उगाच चांगला वाटतो. आणि चष्मा काढू नकोस. काडीपाशी फट राहिली की बास निसटतो, हे आधीच कळलेलं बरं. ठाणे-वाशी लोकलचा खडखडाट मात्र दोन्ही पुरता अडवत नाहीत.