कोपे कार्ड नाकारलं, आता?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. आईची कॅन्सरची गोळी औषध कंपनीच्या कोपे कार्डावर (रुग्णाने भरायची रक्कम कमी करणारं सवलत कार्ड) मिळायची. मेडिकेअर (प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) सुरू होताच फार्मसीने कार्ड नाकारलं. काय करावं?

उत्तर : ही कार्डं फक्त खासगी विम्याला चालतात; मेडिकेअरसोबत वापरायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. पण धीर सोडू नका. पार्ट डीत, म्हणजे मेडिकेअरच्या औषध विम्यात, औषधांवरचा स्वतःचा खर्च २०२६ साली २,१०० डॉलरला थांबतो. गोळी मात्र प्लॅनच्या यादीत हवी, आणि प्रीमियम त्यात धरत नाहीत. खरी अडचण म्हणजे बहुतेक रक्कम पहिल्याच बिलात येते. म्हणून गोळी उचलण्याआधी प्लॅनलाच फोन करून मासिक हप्ते मागा. फार्मसीच्या काउंटरवर ही नोंदणी होत नाही. उत्पन्न कमी असेल तर सोशल सिक्युरिटीकडे ‘एक्स्ट्रा हेल्प’ या औषधखर्चाच्या सरकारी मदतीचा अर्ज आजच करा. औषधखर्चाला मदत करणाऱ्या धर्मादाय संस्थांचे निधी मध्येच बंद होतात, पुन्हा उघडतात. रुग्णालयातल्या आर्थिक समुपदेशकाला लक्ष ठेवायला सांगा.