हेडला हात लावायच्या आधी: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

कोल्हापूरला उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, काम फक्त हेडचं, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवर बसणाऱ्या आणि व्हॉल्व असलेल्या झाकणाचं. सीट (व्हॉल्व टेकतो ती कडी), गाईड (व्हॉल्वची दांडी सरकते ती नळी), पोर्टिंग (हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून आकार देणं), स्किमिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणं), आणि अधूनमधून कुणाला रेससाठी अख्खं हेड नवीन बनवायचं असतं तेही. प्रश्न बरेच आले, त्यातले जे दहाजणांच्या उपयोगी पडतील ते घेतलेत.

इचलकरंजीहून एकजण विचारतात: माझी बुलेट ५०० आहे, यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात). हेड अर्धा एमएम स्किम करून घेतलं तर कम्प्रेशन वाढून गाडी चांगली पळेल का? मेकॅनिक म्हणतो रॉकेट होईल.

दादा, आधी हिशोब करू. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८४ एमएम, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९०, म्हणजे पिस्टन ४९९ सीसी ढकलतो. कंपनीचं कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचा रेशो, ८.५ धरलं तर पिस्टन वर असताना वरती राहिलेली जागा साधारण ६६.५ सीसी. आता अर्धा एमएम घासलात तर जास्तीत जास्त, म्हणजे चेंबरचं (हेडमधल्या पेट्रोल जळायच्या पोकळीचं) तोंड पूर्ण बोअरएवढं धरलं तरी, पावणेतीन सीसी कमी होणार. नवा रेशो ८.८ च्या आसपास. एवढंच. सीटवर बसून तुम्हाला तो फरक कळणारसुद्धा नाही.

१० चं कम्प्रेशन हवं असेल तर ११ सीसी कमी करावे लागतात, म्हणजे पूर्ण २ एमएम घासायचं, आणि तिथं दुसरंच दुखणं सुरू होतं. या इंजिनात पुशरॉड (खालच्या कॅमची हालचाल वर व्हॉल्वकडं नेणाऱ्या दांड्या) आहेत आणि त्यांच्याखालचे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं फट आपोआप भरणारे आहेत, हेड २ एमएम खाली आलं की पुशरॉड २ एमएम जास्त लांब झाल्यासारखा होतो, टॅपेट दाबून बसतो आणि व्हॉल्व नीट मिटतच नाही. शिवाय व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतो ते वेगळंच. म्हणून बुलेटला कम्प्रेशन हवं असेल तर पिस्टन बदला, हेड फक्त वाकलं असेल तर आणि तेवढंच स्किम करा.

आणि रेशो कुणाच्या तोंडी आकड्यावर धरू नका, मोजा. सहा एमएमचं अॅक्रिलिक घ्या, त्याला दोन बारीक भोकं पाडा, हेड उलटं ठेवून व्हॉल्व आणि प्लग बसवा, कडेला पातळ ग्रीस लावून अॅक्रिलिक चिकटवा आणि शाळेच्या लॅबमध्ये असतो तसल्या ब्युरेटनं रॉकेल सोडा. हेड किंचित तिरकं ठेवा, म्हणजे हवेचा बुडबुडा दुसऱ्या भोकातून निघून जातो. तो बुडबुडा आत राहिला की तुमचं माप एखाद्या सीसीनं चुकलंच. यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनचा खड्डा किंवा उठाव वेगळा मोजून धरायचा, ते बरेचजण विसरतात.

सांगलीहून: जिप्सी १३०० आहे, १६ व्हॉल्वची, ऑटोक्रॉससाठी तयार करतोय. एका ठिकाणी पोर्ट मोठे करून आरशासारखे पॉलिश करून देतो म्हणाले. देऊ का?

नका देऊ. असंच एक हेड माझ्याकडं आलं होतं, दुसरीकडून काम करून. पोर्टमध्ये बघितलं तर स्वतःचा चेहरा दिसत होता, मालक खूश होता, पण गाडी खालच्या आरपीएमला मेल्यासारखी झाली होती आणि वरही काही मिळालं नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं, कारण काढलेलं अॅल्युमिनियम परत लावता येत नाही.

पोर्ट म्हणजे नुसतं भोक नाही, त्यातून जाणाऱ्या हवेला वेग पाहिजे. सिलिंडर १२९८ सीसीचा चौथा हिस्सा, म्हणजे ३२५ सीसीच आहे, त्याला मोठा पोर्ट दिला की हवा सुस्त होते, आणि पिस्टन खालून परत वर यायला लागल्यावरसुद्धा जी हवा स्वतःच्या धक्क्यानं आत घुसत राहायला पाहिजे ती घुसत नाही. इनटेकला आरसा-पॉलिशचा फायदा तर नाहीच, पेट्रोल भिंतीला चिकटून ओघळत जातं. ६० ते ८० ग्रिटचा खरखरीत फिनिश बरा. एक्झॉस्टला गुळगुळीत केलंत तर चालेल, कार्बन कमी धरतो.

मग काम कुठं करायचं? सीटच्या आसपास २० एमएममध्ये. एक साधं गणित कायम डोक्यात ठेवा: व्हॉल्वचा व्यास भागिले चार एवढी लिफ्ट झाली, म्हणजे व्हॉल्व सीटवरून तेवढा उचलला गेला, की व्हॉल्वच्या कडेनं मिळणारी वाट आणि व्हॉल्वच्या तोंडाचं क्षेत्रफळ सारखं होतं. २८ एमएमचा व्हॉल्व धरला तर ७ एमएम लिफ्ट. त्याच्या खाली सगळी मारामारी सीटवर असते, त्याच्यावर गेलं की पोर्ट आडवा येतो. आणि व्हॉल्व त्या कमी लिफ्टमधून दर वेळी दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. म्हणून सीटचं तीन अँगलचं नीट कटिंग, ३०-४५-६० अंश, व्हॉल्व टेकतो ती मधली ४५ ची पट्टी इनटेकला साधारण १ एमएम आणि एक्झॉस्टला दीड, हे काम पोर्ट मोठा करण्यापेक्षा जास्त देतं. एक्झॉस्टला पट्टी रुंद का, तर तो व्हॉल्व आपली बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर टाकतो, पट्टी बारीक केलीत तर व्हॉल्व जळणार.

दुसरी जागा म्हणजे पोर्टच्या वळणाची आतली, आखूड बाजू. हवा तिथं भिंत सोडून सरळ पळते. ते वळण जेवढं गोल आणि सावकाश करता येईल तेवढं करा, पण तिथंच खाली पाण्याचं जॅकेट (हेड थंड ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी) असतं. आम्ही नवीन प्रकारचं हेड आलं की आधी भंगारातून तसलंच एक आणतो आणि बँडसॉवर त्याचे काप करतो. एकदा एका हेडमध्ये एका पोर्टची भिंत एका बाजूला साडेतीन एमएम आणि समोरच्या बाजूला सहा निघाली, कास्टिंगच्या वेळी कोअर (पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) सरकलेला. बाहेरून काहीच कळत नव्हतं. त्या साडेतीनच्या बाजूला कुणी डोळे मिटून ग्राइंडर लावला असता तर पाणी थेट पोर्टमध्ये.

एक प्रश्न बऱ्याच जणांचा: असं हेड रोडवर चालवलेलं कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायला ते मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. मी ट्रॅकच्या गाड्यांचंच काम घेतो.

पुण्याहून इंजिनिअरिंगची मुलं: आमची फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसकारच्या स्पर्धेची) टीम आहे, केटीएम ३९० चं इंजिन. नियमानं हवेच्या वाटेत २० एमएमचा रिस्ट्रिक्टर (अरुंद भोक) लावावा लागतो. पोर्टिंग करून पॉवर परत मिळवता येईल का?

पोरांनो, प्रश्न चांगला आहे पण तुमची अडचण हेडमध्ये नाहीये. २० एमएमच्या भोकातून हवा आवाजाच्या वेगाला पोचली की आणखी जात नाही, ती कमाल आदर्श गणितानं सेकंदाला ७४ ग्रॅमच्या आसपास. आता तुमचं ३७३ सीसीचं इंजिन ९५०० आरपीएमला सरासरी किती खातं? पूर्ण भरलं असं धरलं तरी ३५ ग्रॅम. म्हणजे सरासरी बघितली तर रिस्ट्रिक्टर निम्मासुद्धा वापरात नाही!

मग पॉवर जाते कुठं? सिंगल सिलिंडर आहे, चार स्ट्रोकमधला एकच स्ट्रोक ओढतो, म्हणजे त्या क्षणी चौपट हवा मागतो, १४० ग्रॅमच्या वेगानं. तेवढी भोकातून येत नाही. म्हणून मध्ये मोठा प्लेनम (हवा साठवणारा डबा) पाहिजे, जो उरलेल्या तीन स्ट्रोकमध्ये भरत राहील. तुमचा वेळ प्लेनमचं आकारमान, रिस्ट्रिक्टरनंतर हळूहळू रुंद होणारा कोन आणि इनटेक पाइपची लांबी यावर घाला. प्लेनम फारच मोठा केलात तर थ्रॉटल उघडल्यावर इंजिन उशिरा उत्तर देतं, तेव्हा दोन-तीन आकार प्रिंट करून डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) लावून बघा. हेडचं म्हणाल तर व्हॉल्व रॉकेल ओतून गळतात का बघा, सीट ठीक करा, बास. कंपनीचे पोर्ट चांगले आहेत, त्यांना ग्राइंडरचा बर (घासायचा कटर) लावू नका.

बार्शीहून एक मेकॅनिक: अॅल्युमिनियम हेडला नवीन सीट बसवली, हातोड्यानं ठोकून घट्ट बसली होती. ४०० किलोमीटरवर एक सीट सुटली, पिस्टन गेला. चूक कुठं झाली?

तुमचं नुकसान वाचून खरंच वाईट वाटलं, पण तुम्ही उघडपणे विचारलंत हे बरं केलंत, कारण ही चूक गावोगावी होते.

थंड हेडमध्ये घट्ट बसली याला काही अर्थ नाही, गरम हेडमध्ये घट्ट राहिली पाहिजे. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ४० एमएमची सीट धरा, इंजिन चालताना तापमान १५० अंशांनी वाढलं की हेडमधली सीट बसायची खाच सीटपेक्षा ०.०७ एमएम जास्त मोठी होते. तुम्ही सीट ०.०५ नं मोठी ठेवली असेल तर गरम झाल्यावर ती मोकळीच झाली! ०.१० ठेवली तर ०.०३ शिल्लक राहते, ती धरून ठेवते. म्हणून या मापाला आम्ही ०.१० ते ०.१२ ठेवतो, आणि हे व्हर्नियरनं मोजायचं काम नाही, बोअर गेज लावून दोन दिशांनी मोजायचं, खाच गोल आहे का तेही त्यातच कळतं.

आता एवढी मोठी सीट ठोकलीत तर ती खाचेचं अॅल्युमिनियम खरवडत खाली जाते आणि तळाला कचरा अडकतो. सीट टेकत नाही, उष्णता जात नाही. ठोकायचंच नाही. हेड ओव्हनमध्ये १५० अंशाला तासभर, म्हणजे खाच ०.११ नं उघडते, सीट रात्रभर फ्रीजरमध्ये, ती ०.०२ नं आकसते. दोन्ही मिळून ०.१३ झाले, सीट हातानं सोडली की टक् असा आवाज येऊन तळाला बसते. तो आवाज आला पाहिजे, ठप्प आवाज आला तर सीट तिरकी आहे. हाताशी दोन-तीन सेकंद असतात, तेवढ्यात सीट गरम होऊन धरते, म्हणून मार्गदर्शक दांडा गाईडमध्ये आधीच घालून ठेवा. फ्रीजरमधून काढल्यावर दव धरतं, ते पुसा. आणि हेड गॅसच्या बत्तीनं तापवू नका, एका जागी जास्त तापलं की त्या जागेची हीट ट्रीटमेंट गेली, मेटल मऊ पडलं.

गाईडचं काम सीटच्या आधी, आणि सीट कापायची ती नव्या गाईडला धरूनच. शेवटी व्हॉल्वला ब्लू (खूण उठवायचा निळा रंग) लावून बघा, पट्टी अखंड उठली पाहिजे.

शिरोलीहून: आमची अॅल्युमिनियमची फाउंड्री आहे, मुलगा कॅड शिकलाय. ड्रॅगच्या (सरळ रेषेतल्या छोट्या धावेच्या रेसच्या) सिंगल सिलिंडरसाठी चार व्हॉल्वचं स्वतःचं हेड करायचंय. ओतायचं की बिलेटमधून (धातूच्या अखंड ठोकळ्यातून) काढायचं?

काका, असा प्रश्न आपल्याच भागातून आला याचा फार आनंद झाला.

एकच हेड आणि फक्त ड्रॅग असेल तर बिलेट, अॅल्युमिनियमच्या ६०६१ टी६ या मिश्रधातूची लादी. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) नको, कोअर नको, ब्लोहोल (ओतताना राहणारी छिद्रं) नाही, आणि डिझाइन चुकलं तर प्रोग्रॅम बदलून दुसरं काढता येतं. पण कटरला बंद पोकळीत शिरता येत नाही, त्यामुळं पाण्याचं जॅकेट होत नाही, फार तर सरळ ड्रिल मारून बूच लावायचं. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल या ड्रॅग रेसच्या गाड्यांच्या हेडमध्ये पाणीच नसतं, काही सेकंदांची धाव असते म्हणून चालतं. सर्किटवर वीस मिनिटं पळायचं असेल तर ओतलेलंच पाहिजे.

ओतायचं तर एलएम २५ हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, ते तुमच्याकडं रोजचं असेल. पॅटर्नला १.३ टक्के आकुंचन धरा, म्हणजे १०० ला १०१.३. मशिनिंगला सगळीकडं ३ एमएम ठेवा. पोर्टच्या कोअरला आधार दोन्ही टोकांना द्या, एकीकडून लटकणारा कोअर सरकतोच. हायड्रोजनची छिद्रं हा मोठा शत्रू, आणि ती दिसतात कधी तर सगळं मशिनिंग होऊन शेवटचा फेस कापताना. इंग्लंडच्या कॉसवर्थ या रेस इंजिनांच्या कंपनीलाही हाच त्रास होता, शेवटी त्यांनी वूस्टरला स्वतःची फाउंड्री काढली, झिरकॉनची वाळू आणि धातू वरून ओतण्याऐवजी खालून पंपानं शांतपणे वर चढवायचा. धातू खळखळला की हवा आणि ऑक्साइडची साय आत अडकते, हे तुम्हाला मी काय सांगणार.

डिझाइनलाही त्यांचंच उदाहरण बघायला मुलाला सांगा. कॉसवर्थच्या कीथ डकवर्थनं डीएफव्ही या फॉर्म्युला वनच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्वमधला कोन फक्त ३२ अंश ठेवला. त्याआधी कोन मोठे ठेवायचे, मग चेंबर खोल व्हायचा आणि कम्प्रेशनसाठी पिस्टनला टेकाड द्यावं लागायचं, ज्योत त्याच्याभोवती फिरत बसायची. कोन कमी केल्यावर चेंबर उथळ झाला, पिस्टन जवळपास सपाट, पोर्ट सरळ. जून १९६७ मध्ये हॉलंडमधल्या झांडव्होर्टला ते इंजिन पहिल्याच रेसला जिंकलं.

कामाचा क्रम असा ठेवा: रफ मशिनिंग, मग टी६, म्हणजे ५४० अंशाच्या आसपास भिजवून गरम पाण्यात क्वेंच (झटक्यात थंड करणं) आणि पुढं १६० ला एजिंग (धातू कडक व्हायला तापवून ठेवणं), मग फिनिश. टी६ च्या आधी फिनिश केलंत तर क्वेंचमध्ये वाकतं. गाईडची भोकं आणि सीटच्या खाचा एकाच सेटिंगमध्ये काढा, हेड उचलून परत बांधलं की मध्य हलला. पोर्ट पाच अॅक्सिसला गोल डोक्याच्या कटरनं निघतील, त्या रेघा राहू देत.

आणि इंजिन बांधताना पिस्टनवर मुलांची खेळायची क्ले लावून हातानं दोन फेरे फिरवा, हेड उचलून क्ले ब्लेडनं कापा आणि जाडी बघा. इनटेकखाली दीड एमएम आणि एक्झॉस्टखाली दोन एमएम मिळाली तर पुढं जा, कमी असेल तर पिस्टनचे खिसे खोल करायचे. पहिलं कास्टिंग आलं की ते इंजिनाला लावू नका, बँडसॉवर काप करा आणि भिंती मोजा. ते काप घेऊन या, आपण बसून बघू.