देवाच्या प्रीतीची खात्री कशी पटते, आणि त्या प्रीतीत वाढायचं कसं?

तुम्ही विचारलंय: जन्म ख्रिस्ती घरातला, बाप्तिस्मा आणि दृढीकरण रीतसर झालेलं, रविवारची उपासना सहसा चुकत नाही, तरी देव आपल्यावर प्रीती करतो हे आतून पटत नाही. हातून काही चुकलं की प्रार्थनेला तोंड उघडवत नाही, आणि आता कित्येक महिने प्रभुभोजनही, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घेतलेलं नाही. अशा माणसाची आत्मिक वाढ व्हायची कशी?

तुमच्या प्रश्नात एक क्रम धरून चाललेला दिसतो. आधी आपण सुधारायचं, प्रार्थना नियमित करायची, राग आवरायचा, मग देवाला आपण आवडू लागू आणि मग जिवाला स्वस्थता मिळेल. मला वाटतं, सगळी अडचण इथेच आहे. येशूचा प्रेषित पौल रोमच्या मंडळीला, रोमकरांस, लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. तेव्हा आपल्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. प्रीती आधी झाली, वाढ तिच्यामागून येते. हा क्रम उलटा धरला की माणूस वर्षानुवर्षं देवळात जातो आणि तरी मनातून धास्तावलेलाच राहतो. अशी माणसं आपल्या मंडळ्यांत खूप आहेत, फक्त ती बोलत नाहीत. तुम्ही बोललात, हे फार बरं केलंत.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला तुम्ही शब्बाथशाळेपासून ऐकला असेल. उपदेश बहुतेक वेळा धाकट्यावर होतो, वाटणी घेऊन घर सोडणाऱ्या आणि सगळं उधळून परतणाऱ्या मुलावर. तुम्ही या वेळी थोरल्याकडे बघा, कारण जन्मापासून मंडळीत असलेल्या आपल्यासारख्यांची जागा तीच. तो कुठे गेला नाही, काही उधळलं नाही. संध्याकाळी शेतावरून येतो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, आणि आत जायचं सोडून एका चाकराला बोलावून विचारतो की हे काय चाललंय. स्वतःच्याच घरात काय घडतंय हे त्याला चाकराकडून कळतं! पुढे बापाला तो काय म्हणतो बघा: इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमची आज्ञा एकदाही मोडली नाही, पण मित्रांबरोबर मौज करायला मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत. मुलगा असून त्याच्या तोंडी हिशेब मजुराचा आहे. धाकटाही तोच हिशेब घेऊन परतला होता. ‘मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा’ असं म्हणायचं त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. पण बापासमोर तो पापाची कबुली देतो, आणि मोलकऱ्याचं वाक्य यायच्या आत बाप झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. ते वाक्य शेवटपर्यंत येतच नाही.

बाप थोरल्यासाठीही घराबाहेर येतो, त्याची मनधरणी करतो. ‘बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस आणि माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे.’ तुम्हाला एकच वचन पाठ करायचं असेल तर हे करा. थोरला आत गेला की नाही ते येशूनं सांगितलेलं नाही.

बाप्तिस्म्यानंतरही ही खात्री नसणं यात लाजण्यासारखं काही नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे 1883 साली झाला. संस्कृत शास्त्रांत त्यांच्या तोडीची बाई तेव्हा देशात नव्हती. ख्रिस्ती सिद्धांतही त्यांनी पारखून, वाद घालून स्वीकारला. तरीही आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या आत्मकथनात, त्यांनी लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायला त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं जावी लागली. मधल्या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेत व्याख्यानं दिली, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडलं. एवढं काम हातून होत असतानाही मनाला निवांतपणा नव्हता. तो आला तेव्हा कमावलेल्या पुण्याईवर आला नाही. आहे तशी मी प्रभूकडे जाऊ शकते, त्यानं माझं सगळं देणं फेडलेलं आहे, एवढ्यावर विसंबल्यावर आला.

आणि त्या कोण होत्या हे ध्यानात घ्या. आईवडील दुष्काळात अन्नान्न करत गेलेले. भाऊ 1880 मध्ये गेला, नवरा 1882 मध्ये, पदरात लहानगी मनोरमा. रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात पौल ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण विभक्त करील असं विचारतो आणि क्लेश, छळ, उपासमार, तलवार अशी यादी देतो. त्यातली उपासमार रमाबाईंना वाचून माहीत नव्हती. म्हणून ‘विश्वास असेल तर आजार येणार नाही, कर्ज राहणार नाही’ असं सांगणारा उपदेश मला मुळीच पटत नाही. पौल ही संकटं टळतील असं म्हणत नाही, या सगळ्यांत असताना आपण विजयी ठरतो म्हणतो. रमाबाईंनी एकुलती एक मुलगी 1921 मध्ये गमावली आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या. शेवटपर्यंत त्या केडगावात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या.

माझ्या घरातलंही एक सांगते. माझ्या सासूबाईंना शेवटच्या वर्षांत विस्मरणाचा आजार झाला. मंडळीतल्या बहिणींची प्रार्थनासभा त्यांनी पुष्कळ वर्षं चालवली होती. त्यांच्या बायबलच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात कुणाच्या बाळंतपणासाठी, कुणाच्या नोकरीसाठी कधी प्रार्थना केली ते लिहिलेलं आहे. हळूहळू सगळं गेलं. पोटच्या मुलाला त्या डॉक्टर समजायच्या. एका संध्याकाळी मी शेजारी बसून प्रभूची प्रार्थना म्हणत होते, तर मला थांबवून त्यांनी विचारलं, “हे कुणाशी बोलतेस गं?” मला हुंदका आवरेना. ज्या बाईनं मला प्रार्थना करायला शिकवलं, तिला देव आठवत नव्हता.

त्या दिवसांत मी यशयाचा 49 वा अध्याय वाचत असे. आईला एकवेळ तान्ह्या बाळाचा विसर पडेल, पण मी तुला विसरणार नाही, तुला मी आपल्या तळहातांवर कोरलं आहे, असं देव तिथे म्हणतो. मला सासूबाईंकडे बघून ते वचन कळलं. आईला खरोखरच मुलाचा विसर पडलेला माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यांची स्मरणशक्ती, त्यांचा विश्वास, त्यांची प्रार्थना यावर त्यांचं तारण टांगलेलं असतं तर ते केव्हाच तुटलं असतं. मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकून घेणार नाही असं येशू म्हणतो, तेव्हा पकड त्याची असते. मेंढराच्या पकडीबद्दल तिथे एक अक्षरही नाही. तुमची प्रार्थना होत नाही त्या दिवशीही ही पकड तेवढीच असते.

आता वाढीबद्दल. वाढ मोजत बसू नका, पण ती ओळखायची एक खूण मी सांगू शकते: चुकल्यावर देवाकडे परतायला तुम्हाला लागणारा वेळ कमी होत जातो. पूर्वी आठवडाभर तोंड लपवणारा माणूस त्याच रात्री म्हणतो, प्रभू, आज मी आईला लागेल असं बोललो. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो असा नेमका दाखवतो आणि लगेच परतीची वाटही दाखवतो. ‘तू मुळातच कुचकामी आहेस, देव तुला कंटाळलाय’ असा मोघम आवाज येत असेल, तर तो त्याचा नव्हे. योहानाच्या पहिल्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की पूर्ण प्रीती भीती घालवून देते.

रोजचं म्हणाल तर थोडंच करा. योहानाचं शुभवर्तमान घ्या आणि दिवसाला एकच प्रसंग वाचा, त्यात येशू समोरच्या माणसाशी कसा वागतो एवढंच बघा: विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी, रात्री चोरून आलेल्या निकदेमाशी, त्याला तीनदा नाकारणाऱ्या त्याच्या शिष्याशी, पेत्राशी. जोडीला रोज एक स्तोत्र, आणि तेही मोठ्यानं. मन जड असेल तर 13 वं किंवा 88 वं काढा. 88 वं तर अंधारातच संपतं, आणि देवानं ते आपल्या शास्त्रात राहू दिलंय. प्रार्थनेला शब्द सुचेनात तर तेच स्तोत्र तुमची प्रार्थना. आणि मंडळीतलं एक भरवशाचं माणूस गाठा, ज्याच्यापाशी मन मोकळं करता येईल. एकट्यानं वाढणारे विश्वासी मी तरी पाहिलेले नाहीत. कुणाची तरी सेवाही हाती घ्या, पण देवाला खूश करण्यासाठी नको. मोठ्या दुष्काळात, 1896-97 मध्ये, रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन, निराधार मुली-बायकांचा आश्रम, उभं राहिलं. त्यांचं प्रभूशी देण्याघेण्याचं खातं तोवर मिटलेलं होतं, म्हणून दोन्ही हात मोकळे होते.

धास्तीनं झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. ते विश्वासाचं कमीपण नाही.

राहिलं प्रभुभोजन. अयोग्य प्रकारे भाकर खाणारा दोषी ठरतो, या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या वचनाला घाबरून तुम्ही थांबला असाल. तो 11 वा अध्याय आधीपासून वाचा. करिंथात खातेपिते लोक आपलं जेवण आधीच उरकून घ्यायचे आणि गरीब भाऊबहिणी उपाशी राहायच्या; पौल त्या बेपर्वाईवर बोलतोय. मन खाणाऱ्या, रडणाऱ्या माणसाला तो मेजावरून उठवत नाही. उलट माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं तो लिहितो. परीक्षा करून घरी बसावं असं लिहिलेलं नाही. पहिल्या प्रभुभोजनाच्या मेजावर पेत्र बसला होता. त्याच रात्री तो आपल्याला नाकारणार हे प्रभूला ठाऊक होतं, आणि तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे असंही त्यानं त्याला सांगून टाकलं होतं. तुमच्या मंडळीत पुढचं प्रभुभोजन असेल त्याच्या आदल्या आठवड्यात पाळकसाहेबांना भेटा, इथे लिहिलंत तेवढं सगळं त्यांना सांगा, त्यांच्याबरोबर प्रार्थना करा आणि त्या रविवारी मेजाजवळ जा. कुणाशी वाकडं आलं असेल तर जाण्याआधी त्याला फोन करा.