चर्चने लग्न रद्द ठरवलं, तर कोर्टाच्या घटस्फोटाशिवाय दुसरं लग्न करता येतं का?

नाही; चर्चच्या न्यायाधिकरणाचा निकाल हातात असला, तरी कायद्याने तुमचं पहिलं लग्न अजून कायम आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती विवाह मोडायचा किंवा रद्दबातल ठरवायचा अधिकार न्यायालयाचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हेच म्हटलं आणि २०१७ मध्ये चर्चच्या निकालांना कायदेशीर मान्यता मागणारी याचिकाही फेटाळली. कृपया घाई करू नका, जोडीदार हयात असताना दुसरं लग्न केल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. मात्र कॅथलिक असाल तर नुसत्या कोर्टाच्या घटस्फोटावर चर्चमध्ये पुन्हा लग्न लागत नाही, त्यासाठी चर्चचा हा निकालही हवाच. लग्न गोव्यात झालं असेल तर तिथल्या वकिलाला विचारा, तिथला विवाह कायदा वेगळा आहे.