‘होऊन जाईल’ म्हणणं आधी थांबव

ताई,

मी ३१ वर्षांचा. वाकडला राहतो, हिंजवडीत एका कंपनीत सात वर्षं प्रोग्रामर आहे. सध्या औषधांच्या दुकानांच्या एका साखळीसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतोय. १ एप्रिलला ते सगळ्या दुकानांत सुरू व्हायचंय. ही तारीख मॅनेजरनी डिसेंबरातच क्लायंटला देऊन टाकली, आम्हाला नंतर मेलवरून कळलं. आम्ही चौघं होतो. काम मागे पडतंय म्हटल्यावर मागच्या आठवड्यात आणखी दोन मुलं दिली. त्यांना समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो. रोज सकाळी स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, विचारतात, मी ‘होऊन जाईल’ म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

फेब्रुवारीपासून दोन दुकानांत चाचणी चालू आहे. त्यातल्या हॉस्पिटलच्या आवारातल्या दुकानाची १ मार्चची काही बिलं फेब्रुवारीच्या जीएसटी रिपोर्टमध्ये दिसतात. दुसऱ्या दुकानात असं होत नाही, माझ्या लॅपटॉपवर तर कधीच नाही. चार रात्री घालवल्या. एक दुरुस्त केलं की दुसरं मोडतं. छातीत धडधडतं. परवा रात्री दीडला आई कॉफी घेऊन आली, तर तिच्यावर ओरडलो, ‘तुला काही कळतं का!’ ती कप ठेवून गेली आणि तेव्हापासून माझ्या खोलीत येत नाही. आपल्याला हे काम येतच नाही असं वाटायला लागलंय. राजीनामा टाकावा का? नोटिस पिरियड ९० दिवसांचा आहे.

— जागाच आहे

जाग्या (हे नाव तू स्वतःच घेतलंयस, आता तक्रार नको),

पुढचं वाचण्याआधी उठ आणि आईकडे जा. डेडलाइन म्हणजे काय, क्लायंट कोण, हे तिला समजावत बसू नकोस. ‘परवा चुकलो’ एवढं म्हण आणि तिच्यासोबत ताटावर बस. फोन खोलीत ठेवून. ती म्हणेल, ‘अरे, मी कुठे काय म्हटलं?’ त्यावर विश्वास ठेवू नकोस, उद्याही तिच्यासोबतच जेव.

आलास? आता तुझी ती बिलं. सल्ला देणाऱ्या बाईने बगमध्ये नाक खुपसू नये, कबूल. पण मी २६ वर्षं एका बँकेच्या संगणक विभागात काढलीत आणि जित्याची खोड काही जात नाही. तुझ्या पत्रातलं ‘हॉस्पिटलच्या आवारातल्या’ वाचलं आणि मी चहा खाली ठेवला. हॉस्पिटलच्या आवारातलं औषधाचं दुकान रात्रभर उघडं असतं. दुसरं दुकान दहा-साडेदहाला शटर ओढत असणार. तुझा लॅपटॉप भारताच्या वेळेवर चालतो. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेवर, ठेवलेला असेल, बहुतेक ठिकाणी असतोच. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १ मार्चला पहाटे तीन वाजता कुणी आपल्या माणसासाठी इंजेक्शन घेतलं, तर सर्व्हरच्या लेखी तेव्हा फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसाची रात्र आहे, साडेनऊ वाजलेत. बिल गेलं फेब्रुवारीत. रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढ्याच वेळातली बिलं अशी पळतील. खरं तर रोजच पळत असतील, एक दिवस मागे; महिना बदलला तेव्हा कुणाच्या तरी नजरेस आली. तुमचं टेस्टिंग सकाळी दहा ते संध्याकाळी सात. सापडणार कसं?

तर आधी त्या बिलांच्या वेळा काढ. कोड उघडण्याआधी. आणि तसंच निघालं, तर जिथे जिथे तारीख दिसते तिथे तिथे हाताने साडेपाच तास मिळवत सुटू नकोस. पाच ठिकाणी मिळवशील, सहावं राहील आणि एका ठिकाणी दोनदा मिळवले जातील. सर्व्हरचं घड्याळही रातोरात बदलू नकोस, जुन्या नोंदी एका वेळेच्या आणि नव्या दुसऱ्या वेळेच्या अशी खिचडी होईल. वेळेवरून बिलाची तारीख जिथे ठरते ती जागा एकच कर आणि तिथेच भारताची वेळ लाव. ‘एक दुरुस्त केलं की दुसरं मोडतं’ असं लिहिलंयस ना, मला वाटतं तू नेमकं तेच केलंयस. रात्री दीड वाजता.

रात्री दीडचं प्रोग्रामिंग मला चांगलं ठाऊक आहे. १९९१ चा मार्चअखेर. ठेवींवरच्या व्याजाचा प्रोग्राम, कोबोल या जुन्या संगणकभाषेत. बँकेच्या कर्मचाऱ्यांना ठेवीवर एक टक्का व्याज जास्त मिळतं, त्याची एक अट मी पहाटे तीनच्या सुमाराला बदलली आणि तिच्या शेवटचा पूर्णविराम द्यायला विसरले. त्या काळच्या आमच्या कोबोलमध्ये अट कुठे संपते हे तो टिंबच सांगायचा. टिंब नाही म्हणजे अट पुढेही चालू. त्यामुळे व्याज खात्यात जमा करण्याची पुढची ओळ फक्त कर्मचाऱ्यांसाठी चालली. सकाळी बँकेतल्या सगळ्यांचं व्याज जमा आणि एकाही ग्राहकाचं नाही! काउंटरवर काय काय ऐकावं लागलं असेल ते तूच समज. संध्याकाळी सहाला मी तोच कोड लिहिला असता तर तो टिंब सुटला नसता, किंवा सुटला तरी शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी पाहिला असता. माझ्या साहेबांनी मला एकच विचारलं, ‘घरी का नाही गेलात?’ मला उत्तर देता आलं नाही. घरी जा असं कुणी म्हटलं नव्हतं, पण थांबा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

म्हणून ‘मला येत नाही’ हा विषय माझ्यापुरता संपला. ज्याला येत नाही, त्याला दोन दुकानांतला फरक टिपता येत नाही. तू टिपलास, पत्रात लिहिलास आणि झोप नसल्यामुळे तुझाच पुरावा तुला दिसला नाही.

पण तुझं चुकलंय, जाग्या. कोडमध्ये नाही, स्टँडअपमध्ये. ‘होऊन जाईल.’ हे कोण करणार, कधी करणार, काय सोडून करणार, यातलं काहीही त्यात नाही. आपल्याकडे हे बोलणं नम्रपणाचं समजतात. तुझ्या मॅनेजरने डिसेंबरात क्लायंटला बहुधा हेच सांगितलं, फक्त तारीख घालून. मग जानेवारीपासून तू त्याला तेच सांगतोयस. बिचाऱ्याने तुझ्यावर विश्वास ठेवला तर त्याचं काय चुकलं? न विचारता तारीख दिली ते चुकलंच, ते मी सोडत नाही. पण त्यानंतर अडीच महिने त्याला खरं कळायला मार्ग नव्हता.

आता तारखेचं. मला वाटतं ती हलणार नाही आणि हलवायला जाऊही नकोस. नवं आर्थिक वर्ष, बिलांची नवी क्रममालिका. जीएसटीच्या नियमात बिलाचा क्रमांक त्या वर्षात पुन्हा येता कामा नये. मेच्या मध्यात दुकानदाराने सॉफ्टवेअर बदललं तर दोन्हीकडच्या क्रमांकांचा मेळ कोण घालणार? १ एप्रिल हा क्लायंटचा हट्ट नाही, सोय आहे. पण १ एप्रिलला काय काय लागतं, हे कुणी विचारलंय का? बिल फाडता आलं पाहिजे, त्यावर क्रमांक आणि तारीख बरोबर पाहिजे, कर बरोबर लागला पाहिजे, साठ्यातून औषध वजा झालं पाहिजे. महिन्याचा जीएसटी रिपोर्ट त्या दिवशी कुणी उघडणारही नाही. एप्रिलचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, दरमहा भरणाऱ्याला ११ मेपर्यंत भरायचा असतो. म्हणजे तारखेचा घोळ आधी मिटवायचाच, कारण ती बिलावर छापली जाते, पण रिपोर्टसाठी तुला एप्रिलचा सबंध महिना आहे. असे आणखी दोन-तीन तुकडे तुझ्या यादीत निघतील. मालकाला मोबाइलवर दिसणारे रंगीत आलेख वगैरे असतीलच. असतातच.

हे सगळं मॅनेजरला एका पानावर लिहून दे. तोंडी नको, तोंडी बोललास तर पुन्हा ‘होऊन जाईल’वर येशील. १ एप्रिलला हे एवढं नक्की मिळेल, हे एप्रिलअखेर, हे मेमध्ये; आणि यातलं काही अलीकडे ओढायचं असेल तर त्याबदल्यात काय मागे ढकलायचं ते तुम्ही सांगा. शेवटचं वाक्य काही झालं तरी गाळू नकोस. तो चिडेल. एक दिवस चिडू दे. उद्या क्लायंटसमोर जाताना त्याच्या हातातही हेच पान लागणार आहे.

ती दोन मुलं. सॉफ्टवेअरच्या उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते आणखी उशिरा होतं, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम करवून घेताना पोळलेला माणूस होता तो. हिशोब सोपा आहे: चौघांत बोलणाऱ्या जोड्या सहा, सहा जणांत पंधरा. पुरणाला शिजायला लागतो तेवढा वेळ लागतोच. ओट्यापाशी सहा जावा उभ्या केल्या म्हणून ते लवकर शिजत नाही, उलट वेलदोडा दोनदा पडतो. पण मुलं आलीच आहेत तर त्यांना तुझा कोड शिकवत बसू नकोस, निदान एप्रिलपर्यंत. त्यांना मध्यरात्रीची, महिनाअखेरची, ३१ मार्चच्या रात्री बारा वाजताची बिलं बनवून टेस्ट करायला सांग. त्यासाठी जागायची गरज नाही, चाचणीच्या मशीनचं घड्याळ पुढे करता येतं. दुकानांचे फोन त्यांनी घ्यावेत. नव्या माणसाला मोडणं पटकन जमतं, मोडू देत.

राजीनाम्याचा निर्णय मार्चमध्ये घेऊ नकोस. ९० दिवसांच्या नोटिसीमुळे आज टाकलास तरी १ एप्रिलला तू तिथेच असशील, वर सगळ्यांची वाकडी तोंडं बघत. मेमध्ये बघ. पुढच्या कामाची तारीख देण्याआधी मॅनेजरने तुला विचारलं, तर राहा. तू असा स्पष्ट कागद दिल्यावरही पुन्हा मेलवरूनच कळलं, तर शांतपणे दुसरीकडे शोध. त्यात पळपुटेपणा काही नाही.

धडधडीचं मात्र मेपर्यंत ठेवू नकोस. या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन ये, ताणच असेल असं आपण ठरवायचं नसतं. आणि रात्री मन फार काळवंडलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं. रात्री अकरानंतर कोडला हात लावायचा नाही, हा माझा हुकूम समज.

आणि ती बिलं पहाटे साडेपाचच्या आधीचीच निघाली का, हे मला दोन ओळींत कळव. नाहीतर आता मी जागी.

— तुझी ताई