प्रश्नोत्तरे: पुढाऱ्यावर भरवसा ठेवायचा कसा?

‘सगळेच सारखे. मग मतदान कशाला?’ – परतूर तालुक्यातील वाचक

सारखे नसतात. पण तसं म्हटलं की चोराचं आयतंच फावतं. सगळ्यांना एकाच मापात मोजलं, तर नीट काम करणाऱ्याला मत जास्त पडत नाही आणि टक्केवारी खाणाऱ्याचं घटत नाही. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रात असतात, तेही निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर. मागच्या वेळचं आणि आताचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा, फरक लगेच दिसतो.

‘विश्वास नसला म्हणून अडतं काय? काम झाल्याशी मतलब.’ – औसा

लातूरकरांनीच हे विचारावं? 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वेळी ‘आठ दिवस धीर धरा, टँकर येतोय’ असं सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन नसेल, तर जो तो घागर घेऊन पुढं घुसतो. त्यात म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया मागं राहतात. टंचाईत पाण्याइतकीच शब्दाचीही गरज पडते.

‘भूमिपूजन झालं, नारळ फुटला, रस्ता मात्र पहिल्याच पावसात उखडला. आमदार म्हणतात गुत्तेदाराला विचारा, गुत्तेदार भेटत नाही.’ – सेलू

दोघांच्याही मागं फिरू नका. आधी रस्त्याच्या तोंडाशी लावलेला फलक बघा: योजना, रक्कम, कंत्राटदार म्हणजे तुमचा गुत्तेदार. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल, तर 5 वर्षं देखभाल गुत्तेदाराच्याच गळ्यात असते. फलक नसेल तर तीच पहिली तक्रार. मग ज्या खात्याचा रस्ता, त्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मजकूर 150 शब्दांच्या आत, विषय एकच. मागा अंदाजपत्रक, झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि देयकं. ‘रस्ता का खराब झाला?’ असं विचारू नका; त्यावर ‘माहिती निरंक’, म्हणजे काहीच नाही, एवढंच हाती येतं. उत्तराची मुदत 30 दिवस. प्रती आल्या की टेप घेऊन रुंदी आणि खडीच्या थराची जाडी मोजा, आणि कागदावरचे व मोजलेले आकडे ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. पुढच्या भूमिपूजनाला आमदारसाहेब जरा जपून बोलतील.

‘आमचे आमदार लग्नाला, मयतीला हमखास येतात. हाच विश्वास नव्हे का?’ – केज

येऊ द्या की, माणुसकीच आहे ती. पण पीकविम्यावर विधानसभेत किती प्रश्न मांडले, तेही मांडवातच विचारा.

‘मत एका पक्षाला दिलं, माणूस दुसरीकडे गेला. आम्ही काय करायचं?’ – कळमनुरी

कायद्यानं तुमच्या हातात फारसं काही नाही. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 चा. 2003 च्या घटनादुरुस्तीनं ‘एक तृतीयांश आमदार फुटले तर कारवाई नाही’ ही पळवाट बुजवली, पण निवाडा विधानसभा अध्यक्षांकडेच राहिला. शिवसेनेतल्या जून 2022 मधल्या फुटीवर निकाल आला 10 जानेवारी 2024 ला! आमदाराला परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला नाही. तेव्हा पुढच्या वेळी दारात आला की कारण विचारायचं, तेही चारचौघांत.