वाचकांचे प्रश्न : खेळातून विज्ञान, खेळातून कल्पकतेचा शोध

मागच्या अंकात आम्ही नागरिक-विज्ञानाच्या खेळांवर लेख दिला होता. सामान्य लोकांनी खेळायचे आणि त्यातून संशोधकांना माहिती मिळायची, असे हे संगणकीय खेळ. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून त्यावर बरीच पत्रे आली. अनेकांना उपयोगी पडतील असे प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : महासंगणक हाताशी असताना घरी बसून खेळणाऱ्यांची संशोधनाला खरोखर गरज आहे का? — एक वाचक, राजारामपुरी

काही कामांत आहे, काही कामांत नाही. त्यामुळे प्रत्येक खेळ वेगळा तपासावा लागतो. प्रथिनांच्या लांब साखळ्यांच्या घड्या घालण्याचा ‘फोल्डइट’ हा खेळ वॉशिंग्टन विद्यापीठाने 2008 मध्ये सुरू केला. माकडांमधील एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना दहा वर्षांहून अधिक काळ सुटत नव्हती. 2011 मध्ये खेळाडूंनी तीन आठवड्यांत असा आराखडा दिला की तो क्ष-किरणांच्या मापनाशी जुळवून संशोधकांना रचना पक्की करता आली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तर खेळाडूंनी निसर्गात नसलेली प्रथिने रचली होती. प्रयोगशाळेत तपासलेल्या 146 रचनांपैकी 56 स्थिर निघाल्या.

दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या ‘क्वांटम मूव्ह्‌ज’ या खेळात माणसे संगणकावर मात करतात, असा निबंध 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढे साध्या गणिती पद्धतीनेही खेळाडूंपेक्षा चांगली उत्तरे मिळतात असे दिसले आणि 2020 मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. म्हणून कोणत्याही खेळाचे यश वाचताना एक गोष्ट जरूर पाहावी : तुलना संगणकाच्या चांगल्या पद्धतीशी केली आहे की कच्च्या पद्धतीशी?

या खेळांचे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते वेगळेच आहे. खेळाडूची प्रत्येक चाल नोंदली जाते. माणूस उत्तरापर्यंत पोहोचला कसा, कुठे अडला, कुठे त्याने वाट सोडली हे पावलापावलाने दिसते. कल्पकतेच्या अभ्यासाला नेमके हेच हवे असते; कागदी चाचणीत फक्त शेवटचे उत्तर हाती लागते.

प्रश्न : फोल्डइटचे सुरुवातीचे स्तर पार केले. खऱ्या कोड्यात मात्र गुण एका जागी अडकतात, कितीही ‘विगल’ केले तरी वाढत नाहीत. काय चुकते आहे? — एक विद्यार्थी, कागल

चुकत काही नाही, तुमची रचना खळग्यात बसली आहे. आसपासचा प्रत्येक छोटा बदल गुण कमी करतो आणि ‘विगल’, म्हणजे रचना आपोआप थोडीथोडी हलवणारी आज्ञा, फक्त गुण वाढवणारे छोटे बदलच शोधते. बाहेर पडायचे तर आधी गुण घसरू द्यावे लागतात.

प्रथम सध्याची स्थिती जतन करा. मग अणू एकमेकांवर आदळण्याला किती महत्त्व द्यायचे ते ठरवणारी पट्टी 1 वरून अगदी खाली आणा आणि काही सेकंदच ‘विगल’ चालवा. पट्टी पुन्हा 1 वर नेऊन आधी ‘शेक’, मग ‘विगल’ करा. ‘शेक’ने बाजूच्या साखळ्या, म्हणजे प्रथिनाच्या कण्याला फुटलेल्या फांद्या, नव्याने बसतात, ‘विगल’ने मुख्य कणाही हलतो. पट्टी खाली ठेवून जास्त वेळ चालवलेत तर सगळे प्रथिन एकमेकांत घुसते आणि परत सुटत नाही. नवे खेळाडू येथेच फसतात. तसे झाले तर जतन केलेल्या स्थितीवर परत या.

तरीही गुण हलले नाहीत तर दोष आकाराचा आहे. पाण्यापासून दूर राहणाऱ्या, नारिंगी दिसणाऱ्या साखळ्या बाहेरच्या बाजूला उघड्या आहेत का ते पाहा. त्या आत वळवण्यासाठी दोन ठिकाणी ‘बँड’, म्हणजे रबरासारखे ताण देणारे पट्टे, लावून ओढा. तयार ‘रेसिपी’, म्हणजे चाली आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, शेवटच्या सफाईला ठेवा. आधीच चालवलेत तर चुकीचा आकारच घट्ट होतो.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. आदळण्याचे महत्त्व कमी-जास्त करत राहण्याची ही युक्ती खेळाडूंनी ‘ब्लू फ्यूज’ नावाच्या रेसिपीत बांधली होती. त्याच सुमारास शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तयार केलेली, तोवर प्रसिद्ध न झालेली पद्धत तिच्याशी विलक्षण जुळणारी निघाली. 2011 मध्ये त्यावर शोधनिबंध आला.

प्रश्न : आमच्या शाळेत संगणक मोजकेच आहेत. कल्पकतेचा असा एखादा खेळ वर्गात, कागदावर घेता येईल का? — एक शिक्षिका, गडहिंग्लज

जरूर येईल. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी दहा चौकोनांचा एक खेळ वापरला आहे. पडद्यावर दहा सारखे चौकोन जोडलेले असतात. एका वेळी एकच चौकोन हलवायचा, नवा आकार करायचा आणि आवडला तर संग्रहात ठेवायचा. दिशेचा फरक धरला तर दहा चौकोनांचे 36,446 आकार होतात. फिरवलेले आणि आरशातले एकच मानले तरी 4,655 उरतात. म्हणजे मुलांना आकार कमी पडणार नाहीत.

साहित्य साधे आहे. पुठ्ठ्याचे 3 सेंमीचे दहा चौकोन, एक आलेख वही, भिंतीवरचे घड्याळ. मुले जोडीने बसवा : एक खेळणार, दुसरा नोंद ठेवणार. सुरुवात सर्वांची एका सरळ ओळीपासून. नियम दोनच. चौकोनाची पूर्ण कड दुसऱ्याच्या कडेला लागली पाहिजे, कोपरा टेकलेला चालणार नाही. आणि प्रत्येक चालीनंतर दहाही चौकोन एकसंध राहिले पाहिजेत. वेळ 15 मिनिटे. नोंद ठेवणारा प्रत्येक चालीला एक रेघ मारतो आणि खेळणारा ‘ठेव’ म्हणाला की आकार वहीत काढून वेळ लिहितो.

एक उदाहरण घ्या. ओळीच्या डाव्या टोकाचा चौकोन उचलून उजव्या टोकाखाली लावा, असे पाच वेळा करा. पाचव्या चालीला इंग्रजी सातचा आकडा तयार. त्यानंतर एखादे मूल एकेक-दोनदोन चालींत त्याच जातीचे आकडे भराभर काढते. मग अचानक थांबते, बऱ्याच चाली काहीच ठेवत नाही आणि एकदम कंदिलासारखे काही सापडते. संशोधकांना खेळाडूंमध्ये हेच दोन टप्पे दिसले : भटकंतीचा आणि सापडलेल्या खाणीतून काढत राहण्याचा. तुमच्या वहीत दोन नोंदींमधल्या रेघा मोजल्या की ते दिसतील. बदल दोन चालींत होण्यासारखा असताना मुलाने बारा घेतल्या असतील, तर ते भटकत होते.

गडबड कुठे होते? जोडीदार सुचवू लागतो, तेव्हा त्याला बोलायची बंदी करा. शेजारच्या बाकावरचे पाहून काढतात, म्हणून बाक अंतराने लावा. सर्वांत घातक म्हणजे ‘गुण मिळणार’ असे आधी जाहीर करणे. मुले लगेच सुरक्षित, ओळखीचे आकार काढतात. तेव्हा गुण नकोतच.

वेगळेपणा मोजताना एक सापळा आहे. आकार वर्गात किती जणांनी काढला ते मोजतात. 40 मुलांत एकानेच काढला असेल तर 2.5 टक्के. पण ज्याने जास्त आकार ठेवले त्याच्याकडे दुर्मीळ आकारही जास्त असणारच. म्हणून प्रत्येकाला स्वतःचे सर्वांत आवडते पाच निवडायला सांगा आणि तेवढेच मोजा. उलटी छत्री आणि सुलटी छत्री एक धरायची की दोन, हे सुरू करण्याआधी ठरवा. आकडे फक्त तुमच्या वर्गापुरते. दुसऱ्या शाळेशी तुलना करू नका.

प्रश्न : एकमेकांपासून दूर अर्थाचे दहा शब्द लिहायची चाचणी मराठीत घेता येईल का? — एक प्राध्यापक, इचलकरंजी

कल्पकता मोजणारी ही चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. दहापैकी पहिले सात वैध शब्द घेतात, त्यांच्या 21 जोड्यांमधले अर्थाचे अंतर संगणक मोजतो आणि सरासरीला शंभराने गुणतात. मूळ चाचणी इंग्रजी शब्दसाठ्यावर बसवलेली आहे. मराठी शब्द भाषांतर करून तिथे घालू नयेत. ‘पान’ लिहिणाऱ्याच्या मनात झाडाचे पान होते, वहीचे की विड्याचे, हे भाषांतर करणाराच ठरवून टाकतो.

‘फास्टटेक्स्ट’ या संगणकीय साधनाचे मराठी शब्दसदिश, म्हणजे शब्दांचे अर्थ आकड्यांत मांडलेल्या याद्या, मोफत मिळतात, ते वापरा. मात्र ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’ हे तिथे वेगळे शब्द आहेत. म्हणून मूळ रूपातली नामेच मागा, शुद्धलेखन एकसारखे करून घ्या, विशेषनामे गाळा. मिळालेला आकडा इंग्रजी आकड्यांशेजारी ठेवू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. आधी थोड्या जणांवर घेऊन पाहा आणि दोन परीक्षकांना त्याच याद्या स्वतः वाचून क्रमाने लावायला सांगा. संगणकाचा आणि त्यांचा क्रम साधारण जुळला तरच पुढे जा.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. असे खेळ खेळू द्यावेत का? — एक पालक, शाहूपुरी

द्या, पण खाते उघडताना शेजारी बसा. वयाची अट आणि संमतीपत्र तुम्ही स्वतः वाचा. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. खेळाडूचे नाव टोपण ठेवा, शाळेचे नाव कुठेही नको. कोणती विद्यापीठे खेळ चालवतात आणि माहिती कशासाठी वापरतात हे पानावर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो खेळ सोडून द्या.